वजा आत्या

थर्मासचं झाकण उघडलं की त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब लटकलेला दिसतो. बहुतेक लोक तिकडे बघत नाहीत. झाकण उलटं ठेवतात आणि चहा ओतून घेतात. पण तो थेंब नेमका कुठे आहे यावरून बरंच कळतं. रबराच्या कड्याच्या आत असेल, तर वाफ आतच राहिली. कड्याच्या बाहेर, आट्यांवर असेल, तर वाफेला वाट सापडली आणि तिच्याबरोबर उष्णताही चालती झाली. थर्मामीटर जे दुपारी सांगणार असतो, ते थेंब सकाळीच सांगून टाकतो.

त्या रविवारी मागच्या खोलीतल्या टेबलावर थर्मास ओळीनं उभे होते आणि धाकटी एकेक झाकण उघडून थेंब बघत होती. धाकटी म्हणजे घरातलं शेंडेफळ. चाळिशी ओलांडली, कपाळाशी पांढरी बट आली, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिच्या सहीशिवाय अहवाल बाहेर पडत नव्हता. पण घरात ती अजून धाकटीच होती. दादा आणि वहिनीच्या घरातली मागची खोली तिची. तिथे एक पलंग, एक टेबल आणि उरलेल्या सगळ्या जागेत थर्मास.

लाल थर्मासचा थेंब बाहेर होता, मागच्या खेपेसारखाच. तिनं त्याबद्दल लिहिलंही होतं : ‘झाकण फिरवायला मनगटात जोर लागतो. वाफ निसटते. दुपारपर्यंत चहा कोमट.’ ‘रंग छान आहे’ हे वाक्यही आधी लिहिलं होतं, पण रंगाचं काही मोजमाप केलेलं नाही हे लक्षात आल्यावर खोडून टाकलं होतं.

आणि तरीही या महिन्यात तिच्या साइटवरून सगळ्यात जास्त खपत होता तो हाच लाल थर्मास.

साइटचं नाव ‘गरम की कोमट’. नाव वहिनीनं ठेवलेलं. धाकटीनं सुचवलेलं नाव इतकं लांब होतं की ते वाचेपर्यंत चहा गार झाला असता. साइटवर धाकटी थर्मास तपासून त्यांच्याबद्दल खरं ते लिहायची आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी एका ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची. स्वतःचं नाव मात्र तिनं कुठेच टाकलं नव्हतं, आणि प्रयोगशाळेत तर याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. या उद्योगातून मिळतं काय, हे वहिनीनं आत्याला एकदा समजावून सांगितलं होतं.

“समजा आत्याबाई, तुम्हाला चपला घ्यायच्यात. मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानात जा आणि माझं नाव सांगा. तुम्ही गेलात, घेतल्यात. तुम्हाला किंमत तीच पडली. पण दुकानदार मला म्हणतो, गिऱ्हाईक पाठवलंत, हे घ्या तुमचे चार पैसे. झालं. इथे दुकान फोनमध्ये आहे, आणि नाव सांगायच्या ऐवजी लिंक दाबायची.”

“आणि नुसती हिंडून, काही न घेता परत आले तर?”

“तर कुणाला काही नाही.”

“मग हिला काय मिळत असेल कपाळ! ही तर येईल त्या वस्तूला नावं ठेवते.”

आत्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पहिली बरीच वर्षं मिळकत नावालाच होती. पण मग हळूहळू लोक यायला लागले, वाचायला लागले, आणि धाकटीच्या मनात एक विचार घर करून बसला. नोकरी सोडावी आणि पूर्ण वेळ हेच करावं. थर्मासच का, विजेच्या किटल्या, मुलांचे डबे, पाण्याचे फिल्टर, सगळं तपासावं. मागच्या खोलीत एक लांब ओटा घालावा. विचार जुना होता. घरात कुणी त्याबद्दल विचारलं की ती म्हणायची, “विचार करून सांगते.” हे तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं, की दादा तिला फोनवर सरळ “बोला, सांगतेबाई” असंच म्हणायला लागला होता.

आता मात्र फार लांबवून चालणार नव्हतं. प्रयोगशाळेतले साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची धाकटीला द्यायचं ठरत होतं. हो म्हणायचं की नाही, हे या महिनाअखेर, म्हणजे आता तीन-चार दिवसांत, सांगायचं होतं. एकदा त्या खुर्चीत बसली की ती उठणार नाही, हे तिला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. म्हणून खुर्चीची बोलणी सुरू झाली तेव्हाच तिनं जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर एक अट जाहीर केली होती : अनोळखी माणसांची खरेदी सलग तीन महिने वाढत गेली तर नोकरी सोडायची, नाही तर खुर्ची.

पहिला महिना चढला. दुसरा चढला. तिसऱ्यात आलेखावरची रेघ अशी काही वर गेली की दुसरं कुणी असतं तर खोलीभर नाचलं असतं. धाकटी नाचली नाही. ती रेघेकडे बघत बसली. रेघ फार आनंदात दिसत होती, आणि तिच्या अनुभवात खरी मापं इतकी आनंदात नसतात.

त्या रविवारी सगळ्या थर्मासांत पुन्हा एकदा उकळतं पाणी भरायचं होतं, आणि ते एकाच पातेल्यातलं हवं होतं, म्हणजे सगळ्यांची सुरुवात सारखी. घरातल्या मोठ्या पातेल्याचा कान नेमका त्याच दिवशी तुटला.

“आत्याकडून आणते,” धाकटी म्हणाली. आत्या त्याच इमारतीत, तळमजल्यावर राहायची.

वहिनी हातातला पेपर टाकून उठली. “मी जाते ना वन्सं, तुम्ही कशाला?”

“तू बस. आज तुझा सुट्टीचा दिवस.”

“तुमचाही आहे की! आणि आत्याबाई झोपल्या असतील.”

“सकाळी दहाला?”

“हल्ली झोपतात.”

धाकटी उठली. चपला घालून जिना उतरली. मागून वहिनीच्या चपलांचा आवाज आला आणि वरच्या पायरीवर थांबला.

आत्यानं दार एका वितीइतकं उघडलं. “पातेलं? थांब, देते हं तिथेच.”

पण धाकटीनं आत डोकावलं होतं. खिडकीत लाल थर्मास होता. त्यात पिवळी फुलं होती. टेबलावर दुसरा लाल थर्मास होता, त्यातून विणकामाच्या सुया वर आलेल्या. टीव्हीच्या बाजूला तिसरा, त्यातून एक वेल खाली सोडलेला. आणि खुर्चीवर, न उघडलेल्या खोक्यात, अजून एक.

“आत्या, हे काय?”

“फुलदाणी.”

“आणि ते?”

“सुयांना. इकडेतिकडे जातात गं, मग पायात टोचतात.”

“आणि ते खुर्चीवरचं?”

आत्यानं खोक्याकडे जरा वेळ बघितलं. “त्याचं अजून ठरलं नाही.”

मग दार पूर्ण उघडलं गेलं, कारण आता अर्धवट उघडं ठेवण्यात अर्थ नव्हता. आत्या पलंगावर बसली, पदराशी खेळली आणि एकदम म्हणाली, “हे बघ, माझ्या एकटीवर डोळे वटारू नकोस. तूच म्हणालीस की रेघ वर गेली तर ठरवीन. आम्ही म्हटलं, बिचारी रेघ, जरा ढकलू या.”

“आम्ही म्हणजे कोण?”

आत्यानं दाराकडे पाहिलं. दारात वहिनी उभी होती, आणि तिच्या मागे दाढीला साबण लावलेला दादा.

“मी थोडेच घेतले,” दादा म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. “दुकानात फ्रेमच्या कपाटात ठेवलेत. गिऱ्हाईक विचारतं, हाही चष्मा का?”

“पण लालच का?” धाकटीचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मी इतकं लिहिलंय की तो वाईट आहे म्हणून!”

“वाचतंय कोण?” आत्या म्हणाली. “चित्रात तो बरा दिसतो. तुझे ते चांगले थर्मास बघ एकदा. सगळे आजारी माणसाच्या तोंडाच्या रंगाचे.”

“आत्या, तुम्ही सगळ्यांनी काय केलंत कळतंय का? मी नदीचं पाणी तपासायला आणलं, आणि तुम्ही त्यात घरचा हंडा ओतलात.”

“स्वच्छ पाण्याचा हंडा होता,” वहिनी हळूच म्हणाली.

धाकटीला राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच वेळी दादाच्या गालावरचा साबण घरंगळत त्याच्या शर्टात गेला, त्यानं तो झटकला, तो थेट खुर्चीवरच्या खोक्यावर पडला, आणि आत्या ओरडली, “अरे, अजून कोरा आहे तो!” धाकटीला हसू फुटलं. ती खाली जमिनीवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पातेलं घेऊन वर गेली. मोजमाप तर करायचंच होतं.

सोमवारी सकाळी मात्र हसू मावळलं. ऑनलाइन दुकानाकडून पत्र आलं होतं. तिच्या लिंकवरून झालेल्या बऱ्याच ऑर्डरी तिच्याच इमारतीत पोचल्या होत्या. घरच्यांनी खरेदी करून कमिशन घेणं नियमात बसत नाही. खुलासा होईपर्यंत तिचं खातं थांबवलेलं होतं. खातं कायमचं बंद झालं, तर रेघ वर गेली काय नि खाली गेली काय. सगळे लेख राहतील, थेंब राहतील, पण त्या वाटेनं कुणी दुकानात पोचणार नाही.

दुपारच्या सुट्टीत ती प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यावर जाऊन बसली आणि तिनं दुकानाला फोन लावला. पलीकडच्या बाईला सर्दी झालेली होती.

“खुलासा करायचाय ना?” बाई म्हणाली. आवाजावरून तिनं बरेच खुलासे ऐकलेले होते. “बोला. शेजाऱ्यांनी तुमचा फोन घेतला होता का?”

“नाही. घरच्यांनीच घेतले. माझी आत्या, भाऊ आणि वहिनी. मला काल कळलं. कुठल्या ऑर्डरी त्यांच्या, ते सांगायला फोन केलाय. त्या सगळ्या वजा करा.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. “तुम्ही स्वतःहून कमी करायला सांगताय?”

“हो. नाही तर मला खरी रेघ दिसणार नाही.”

“काय दिसणार नाही?”

धाकटीनं थोडक्यात सांगितलं. लाल थर्मास बहुतेक सगळे घरचेच, असंही सांगितलं.

“बहुतेक?”

“काही लाल कुणाचे ते सापडत नाहीये. आत्या शपथेवर सांगते की तिचे नाहीत.”

आता पलीकडची बाई हसली, आणि हसताना तिला ठसका लागला. “अहो, काही लोकांना खरंच लाल रंग आवडतो. ते परके आहेत, मी बघितलंय इथे. ठीक आहे. घरच्या ऑर्डरी काढून टाकते, त्यांचं कमिशन रद्द. खातं चालू करते. पण आता आत्यांना आवरा.”

“आवरते.”

“आणि एक सांगू का? तुमच्याकडून आलेलं गिऱ्हाईक माल परत पाठवत नाही. इतर ठिकाणांहून येतात ना, ‘एकदम जबरदस्त, घ्याच’ असलं वाचून, त्यांचा माल इतका परत येतो की आमच्या गोदामात बसायला जागा नाही. तुमचे लोक नाहीच पाठवत. आम्ही इथे म्हणतो, ही बाई आधीच इतकी नावं ठेवते, की घरी गेल्यावर कुणाला नवीन काही सापडतच नाही.”

हे माप धाकटीकडे नव्हतं. घेता येतं हेही तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

“अजून एक राहिलं,” बाई म्हणाली. “तुमच्या अर्जात कामाचा पत्ता दिलाय, प्रयोगशाळेचा. तिथे एक हिरवा थर्मास गेलाय. तो घरचा धरू की बाहेरचा?”

“कुणाच्या नावावर आहे?”

“ते नाही सांगता येणार. तुम्हीच विचारा तिथे.”

“विचारून सांगते,” धाकटी म्हणाली.

संध्याकाळी सगळे मागच्या खोलीत जमले. बसायला जागा नव्हती म्हणून आत्याला पलंग मिळाला आणि बाकीचे थर्मासांमधून वाट काढून उभे राहिले. धाकटीनं नवा आलेख काढला आणि त्याला मथळा दिला : ‘वजा आत्या, वजा दादा, वजा वहिनी.’

“मला पहिल्या नंबरावर टाकलंय,” आत्या खूश होऊन म्हणाली.

आनंदात उडी मारणारी रेघ गेली होती. उरली ती दुसरीच होती. जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी ती दम खात खात वर जात होती. पहिला महिना, दुसरा महिना. तिसऱ्यात मात्र ती अगदी नखभर वर होती. धाकटीनं पेन्सिलीचं टोक त्या नखभर जागेवर ठेवलं.

“एवढा फरक एका थर्मासचा आहे. प्रयोगशाळेत गेलेल्या हिरव्याचा. तो परक्याचा असेल तर रेघ चढती. ओळखीच्या कुणी मला बरं वाटावं म्हणून घेतला असेल, तर तो वजा, आणि रेघ सपाट.”

“मग धर की बाहेरचा!” दादा म्हणाला. “कोण बघतंय?”

“मी बघतेय.”

“माझा नाही हं,” आत्या म्हणाली. “माझे सगळे लाल.”

वहिनी टेबलाला टेकून म्हणाली, “वन्सं, एक विचारू? उद्या तो थर्मास ओळखीचा निघाला, तर तुम्ही त्या खुर्चीत जाऊन बसणार. पण तुम्हाला बसायचंय का तिथे?”

धाकटीनं तोंड उघडलं.

“विचार करून सांगते!” तिघंही एका सुरात ओरडली, आणि आत्यानं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी धाकटी लवकर पोचली. नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावता लावता ती सगळ्यांच्या टेबलांकडे बघत होती. चिनी मातीचे कप होते, काचेचे पेले होते, एका टेबलावर दोरीनं बांधलेली प्लॅस्टिकची बाटली होती. हिरवं काही नव्हतं. मग साहेबांनी आत बोलावलं.

साहेब सूक्ष्मदर्शकाच्या भिंगासारखे होते. जवळ गेलं की सगळं मोठं दिसायचं. धाकटीच्या पहिल्या अहवालातली एक चूक त्यांना अजून आठवत होती, आणि तिची पहिली शाबासकीही. टेबलावर तिच्या नावाचा कागद सहीसाठी ठेवलेला होता. कागदाच्या पलीकडे, खिडकीपाशी, हिरवा थर्मास होता.

“बसा बाई. मग, ठरलं का?”

धाकटी बसली नाही. “साहेब, हा थर्मास तुम्ही का घेतलात?”

“का म्हणजे? चहासाठी.”

“तसं नाही. कुणाला बरं वाटावं म्हणून घेतलात का? म्हणजे मला?”

साहेबांनी चष्मा काढला. “बाई, तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी तुमची रजा मंजूर करतो. थर्मासचा नि तुमचा काय संबंध? माझा चहा अकरा वाजेपर्यंत पाणी व्हायचा. बायकोला एक साइट सापडली. ‘गरम की कोमट’ म्हणून. कुणीतरी आपल्यासारखंच खडूस माणूस लिहितं. कौतुक करायचं म्हटलं तरी दोनदा मोजून करतं. झाकणाच्या आत थेंब कुठे जमतो, ते लिहिलंय त्यात. इतकी वर्षं मी पाणी बघतोय, पण हा थेंब कधी बघितला नव्हता हो.” त्यांचा चेहरा खुलला होता. “आता रोज बघतो. चहा नंतर, आधी थेंब. बायको हसते मला.”

धाकटीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. परका. अगदी निखळ परका. ज्याला लिहिणारीचं नावही ठाऊक नव्हतं, त्यानं तिचं वाचलं होतं आणि पटलं म्हणून दुकान गाठलं होतं.

“साहेब, ते मी लिहिते.”

साहेबांनी थर्मास पुढे ओढला, झाकण सावकाश फिरवून उघडलं आणि खिडकीच्या उजेडात उलटं धरलं. दोघांनी वाकून बघितलं. थेंब कड्याच्या आत होता, गोल आणि शांत.

“मग बाई,” साहेब झाकणावरची नजर न काढता म्हणाले, “तुम्ही इथे काय करताय?”

प्रश्न साधा होता. त्याला आलेख लागत नव्हता, महिनाअखेर लागत नव्हती. वहिनीनं काल तोच विचारला होता, आणि उत्तर त्याच्याही फार आधीपासून तयार होतं. रेघ चढती असो की सपाट, ते बदलणार नव्हतं, हे तिला आत्ता कळलं. धाकटीनं सहीचा कागद उचलला, नीट सरळ केला आणि साहेबांच्या बाजूला परत सरकवला.

“साहेब, ही खुर्ची मी घेत नाही. मी नोकरी सोडतेय.”